सासऱ्यांचे दात ज्यानं पिवळे केले तेच नातीच्या दाताला लावायचं?

प्रश्न : डॉक्टरताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. बालवाडीत दातांचं शिबिर झालं, तिथे सांगितलं की वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीजवळ पांढऱ्या रेषा आल्यात आणि खालच्या एका दाढेत खड्डा आहे. फ्लोराईडचं व्हार्निश लावून घ्या म्हणाले, आणि खड्ड्याला एक काळं पडणारं औषध लावता येईल म्हणाले. आम्ही राहतो पुण्यात, पण मिस्टरांचं गाव पांढरकवड्याकडे. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे, सासऱ्यांचे दात तपकिरी झालेत, एका चुलत सासूबाईंची तर कंबर धरलीये. सासूबाई म्हणतात ज्यानं गाव खाल्लं ते पोरीच्या तोंडात घालणार का? त्यात मिस्टरांच्या ग्रुपवर मेसेज आलाय की फ्लोराईडनं बुद्धी कमी होते. मी घाबरून बिनफ्लोराईडची पेस्ट आणून ठेवलीये. आणि तसेही दुधाचेच दात, पडणारच ना? काय करू? — गोंधळलेली आई, पुणे

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, कारण त्या काही चुकीचं बोलत नाहीयेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात बऱ्याच गावांत पाण्यातल्या फ्लोराईडनं माणसांचे दात आणि हाडं दोन्ही खराब केलीत, त्यांनी ते डोळ्यांनी बघितलंय, आणि आपण शहरातले डॉक्टर त्यांना "काही नाही हो, फ्लोराईड चांगलं असतं" असं एका वाक्यात सांगून मोकळे होतो तेव्हा त्यांना राग येणारच. म्हणून मी जरा लांबून सांगते, चहा घेऊन बसा.

गंमत अशी की फ्लोराईड दाताला वाचवतं हे कळलं तेच मुळी खराब झालेल्या दातांवरून. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना थाटायला गेला, तर तिथल्या लोकांचे दात चॉकलेटी डागांचे, अगदी तुमच्या सासऱ्यांसारखे. लोक त्याला कोलोरॅडोचा तपकिरी डाग म्हणायचे. मॅके वर्षानुवर्षं मागे लागला आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की हे दात दिसायला वाईट आहेत पण किडत मात्र कमी आहेत. कारण काही सापडेना. शेवटी १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या केमिस्टनं पाणी तपासलं आणि फ्लोराईड सापडलं. मग तिथल्या सरकारी डॉक्टर डीननं गावोगावचं पाणी आणि पोरांचे दात ताडून बघितले, आणि लिटरला साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास कीड कमी होते पण डाग फारसे पडत नाहीत असा हिशोब लागला. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहरात मुद्दाम पाण्यात फ्लोराईड घालायला सुरुवात झाली. आपल्याकडे हे करत नाहीत, आणि आपल्याकडे ज्या भागात आधीच जास्त आहे तिथे करण्याचा प्रश्नच येत नाही, आपल्याला तिथे उलट काढायचं असतं.

पण त्या काळी सगळ्यांना वाटत होतं की फ्लोराईड पोटात गेलं, रक्तातून दातात उतरलं आणि दात आतून पक्का झाला. पुढे कळलं की कीड थांबवायचं काम बहुतेक सगळं बाहेरून होतं, तोंडात, दाताच्या पृष्ठभागावर. आणि दात खराब करायचं काम मात्र पोटातूनच होतं. तुमच्या घरातलं भांडण या दोन वाक्यांत आहे बघा.

डाग कसे पडतात ते आधी. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात, पुढच्या दातांचं काम तर जन्मल्यानंतर काही महिन्यांतच सुरू होतं. त्या वर्षांत पोर रोज जास्त फ्लोराईडचं पाणी पितं तेव्हा दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, नीट भरत नाही, सच्छिद्र राहतं. दात बाहेर येतो तोच खडूसारखा पांढरट आणि मग वर्षानुवर्षं त्या छिद्रांत रंग मुरत जाऊन तपकिरी होतो. साधारण आठव्या वर्षापर्यंत अक्कलदाढ सोडून बाकीच्या दातांचं इनॅमल बनून झालेलं असतं, त्यानंतर असे नवे डाग पडत नाहीत. हाडांचं मात्र तसं नाही, ते पाणी पीत राहिलं तर मोठेपणीही साचत जातं, तुमच्या चुलत सासूबाईंची कंबर त्यातलीच असू शकते, त्यांना एकदा हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, नुसतं वय झालं म्हणून सोडू नका.

आता कीड. आपल्याकडे अजून आठवडी बाजारात बियांची धुरी देऊन दातातनं "किडे" काढून दाखवणारे बसतात, आणि लोक वाटीत पडलेले ते पांढरे तुकडे बघून थक्क होतात. दातात किडा बिडा काही नसतो. दातावर चिकट थर बसतो त्यात जंतू असतात, त्यांना साखर मिळाली की ते ॲसिड करतात. शहाबादी फरशीवर लिंबू पिळलं गेलं आणि पुसायचं राहिलं तर काय होतं माहितीये ना? पांढरा चट्टा, हात फिरवला तर खरखरीत. दाताचं तसंच. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जायला लागतं. बिस्कीट चहात बुडवून खाल्लं की अर्धा तास तरी हे चालतं, मग लाळ ॲसिड मारते आणि गेलेलं कॅल्शियम परत आणून बसवते. दिवसातनं किती वेळा जातं आणि किती वेळा परत येतं यावर सगळं आहे. दर तासाला पोरीच्या हातात काहीतरी कुरकुरीत असेल तर लाळेला वेळच मिळत नाही.

शिबिरात दिसलेल्या त्या पांढऱ्या रेषा म्हणजे हीच सुरुवात, आतून कॅल्शियम गेलंय पण वरचा पापुद्रा अजून शाबूत आहे. घरी बघायचं असेल तर वरचा ओठ उचला, स्वच्छ कापडानं दात कोरडा करा आणि खिडकीच्या उजेडात बघा, ओल्या दातावर दिसत नाही, कोरडा झाला की हिरडीला लागून खडूनं रेघ ओढल्यासारखी दिसते. (रात्री बाटलीतनं साखर घातलेलं दूध पीत झोपायची सवय होती का? मी रागवत नाहीये, नव्वद टक्के आया मान खाली घालतात म्हणून विचारलं.) ही अवस्था परत फिरवता येते. खड्डा पडला की तो काही भरून येत नाही.

फ्लोराईड इथे काय करतं, तर एक, कॅल्शियम परत बसताना फ्लोराईड जवळ असलं की ते भराभर बसतं. दोन, जे नवीन बसतं ते आधीपेक्षा चिवट असतं, त्याला विरघळवायला पीएच ४.५ च्या आसपास खाली जावा लागतो. म्हणजे तेच बिस्कीट, तेवढंच ॲसिड, पण दात तग धरतो. जंतूंच्या ॲसिड करण्यातही ते थोडा खोडा घालतं, पण मुख्य काम हे पहिलं. आणि यासाठी ते पोटात जायची गरज नाही, दाताला लागून राहायला हवं, थोडं थोडं पण रोज.

व्हार्निश म्हणजे तेच घट्ट करून चिकटवायचं. त्यात ५ टक्के सोडियम फ्लोराईड असतं, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग या हिशोबात, फ्लोराईड २२,६०० होतं, आणि हा आकडा गुगल करून लोक घाबरतात, कारण पेस्टमध्ये १००० च असतं. पण लावायचं किती? दुधाच्या सगळ्या दातांना मिळून पाव मिली. मी कसं लावते सांगते. आई आणि मी समोरासमोर खुर्चीवर गुडघ्याला गुडघे लावून बसतो, पोरीचे पाय आईच्या कमरेला, डोकं माझ्या मांडीवर, म्हणजे तिला आईचा चेहरा दिसत राहतो. कापसानं दात पुसते आणि बारक्या ब्रशनं फासते, नखाला नेलपॉलिश लावतात तसं. लाळ लागली की ते घट्ट होतं. रडली तरी चालतं, उलट तोंड उघडं मिळतं! दोन-तीन मिनिटांत खेळ संपला. मग काही तास ते दातावर राहतं आणि त्यातनं फ्लोराईड हळूहळू सुटतं, दातावर कॅल्शियम फ्लोराईडचे अगदी बारीक कण साठून राहतात आणि पुढे जेव्हा जेव्हा ॲसिड होतं तेव्हा ते विरघळून कामाला येतात.

आता सासूबाईंसाठी हिशोब, आणि हा त्यांच्यासमोर बसून कागदावर मांडा. त्या पाव मिलीत फ्लोराईड असतं साडेपाच मिलिग्रॅमच्या थोडंसं वर. समजा पोरीनं सगळंच्या सगळं गिळलं, तरी ते वर्षातनं दोनदा, फार तर चारदा. उलट गावच्या बोअरच्या पाण्यात समजा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे, पोरानं दिवसाला दीड लिटर प्यायलं, तर साडेचार मिलिग्रॅम झालं, आणि ते रोज, वर्षानुवर्षं, पोटातून, वर त्याच पाण्यातला डाळभात. दोन्हीचं नाव एकच असलं म्हणून दोन्ही एक नाहीत. सोळा किलोच्या पोरीला एकदम विषबाधेची भीती साधारण ८० मिलिग्रॅमपासून सुरू होते. आणि म्हणूनच व्हार्निशपेक्षा मला घरातल्या पेस्टच्या ट्यूबची काळजी जास्त वाटते, १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराईड असतं आणि स्ट्रॉबेरीच्या वासाची असली की पोरं चाटून खातात. ट्यूब तिच्या हातात द्यायची नाही, वरच्या फळीवर ठेवायची. कधी खाल्लीच तर दूध पाजा आणि ट्यूब बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

बुद्धीचा मेसेज. हा पूर्ण थापा नाहीये, म्हणून मिस्टरांना उडवून लावू नका. अमेरिकेतल्या सरकारी विषशास्त्र विभागानं २०२४ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून अहवाल दिला, त्यात म्हटलंय की पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असलेल्या भागात मुलांचा बुद्ध्यांक कमी दिसतो, खात्री मध्यम. आपल्या भारतीय मानकातही १ पर्यंत ठीक आणि दुसरा पर्याय नसेल तर जास्तीत जास्त १.५, असंच आहे. म्हणजे हा मुद्दा परत पाण्याचाच. व्हार्निशबद्दल, थुंकून टाकायच्या पेस्टबद्दल त्यात असं काही नाही. फॉरवर्ड करणाऱ्यानं "पाण्यात" आणि "दीडच्या वर" हे दोन शब्द गाळले आणि भीती उरली.

उपयोग किती होतो म्हणाल तर २०१३ मध्ये कोक्रेनवाल्यांनी (जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी ही संस्था) २२ चाचण्या, बारा हजारांवर मुलं असं सगळं एकत्र करून बघितलं, दुधाच्या दातांची कीड व्हार्निशनं सरासरी ३७ टक्क्यांनी कमी झाली. शंभर टक्के नाही. व्हार्निश लावलं आणि बाटली-बिस्कीट तसंच चालू ठेवलं तर सहा महिन्यांनी तुम्ही परत माझ्यासारख्याच कुणापुढे बसलेल्या असाल.

आता त्या खड्ड्याचं काळं औषध. त्याला सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड म्हणतात, जपानमध्ये कितीतरी दशकं वापरतात. चांदी जंतू मारते, फ्लोराईड दात कडक करतं. मशीन नाही, सुई नाही, एक थेंब खड्ड्यात लावायचा आणि कीड बहुतेक वेळा जागेवर थांबते. सहसा सहा महिन्यांनी परत लावतात. फक्त किडलेला भाग कायमचा काळा होतो, चांगल्या इनॅमलला काही होत नाही. आणि इथे मी माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका तीन वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातांना हे लावलं, आईला "जरा काळं पडेल हं" म्हणाले, पण घाईत, फोटो बिटो काही दाखवला नाही. त्यांच्या घरी चार दिवसांनी धाकट्याचं बारसं. आजोबा तडक दवाखान्यात आले, सगळ्या पेशंटसमोर म्हणाले, "डॉक्टर, माझ्या नातवाचं तोंड काळं केलंत तुम्ही." काय बोलणार! दात वाचले होते, पण तो माणूस बरोबर होता, त्याला आधी दाखवायला हवं होतं. तेव्हापासून मी आधी फोटो दाखवते मगच झाकण उघडते. तुमच्या लेकीची दाढ आहे, मागे आहे, हसताना दिसणार नाही, त्यामुळे मी असते तर लावलं असतं, किंवा पोर शांत बसत असेल तर सरळ सिमेंट भरून घेतलं असतं. पण रात्री दुखून उठत असेल, गालाला किंवा हिरडीला सूज असेल, फोड असेल, तर कीड दाताच्या आतल्या नसेला पोचलीये, तिथे या थेंबाचा उपयोग नाही, मग वेगळा उपचार लागतो. हे एक्सरे काढल्याशिवाय पत्रावरून मी सांगू शकत नाही. चांदीची ॲलर्जी किंवा तोंडात जखमा असतील तर तेही आधी सांगा, आणि व्हार्निशमध्ये राळ असते तिचीही काहींना ॲलर्जी असते.

"पडणारच ना" यावर माझं नेहमीचं भांडण आहे. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतील, कबूल, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत असतात. म्हणजे तिला त्या दाढेवर अजून सहा-सात वर्षं पोळी चावायचीये. लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात, खालून येणाऱ्याला जागा उरत नाही, मग तारा लावायचा खर्च बघा. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे पहिली पक्की दाढ येते, तिच्या जागी काही पडत नाही म्हणून आयांना कळतच नाही की ती पक्की आहे. ती आली की दाखवा, तिच्या खाचा बंद करून घेता येतात.

तुम्ही आणलेली पेस्ट फेकू नका, तुम्हीच वापरा हवी तर, दात घासले जातात, वास छान येतो. पण लेकीला फ्लोराईडवालीच हवी. खोक्याच्या मागे सोडियम फ्लोराईड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट लिहिलेलं असतं आणि पीपीएमचा आकडा असतो, आपल्याकडे १००० च्या वर परवानगी नाही. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती विसरा, तिच्या वयाला वाटाण्याएवढी बास, तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये पाव मिलिग्रॅम फ्लोराईड, तेही बरंचसं थुंकलं जातं. घासून तुम्ही द्यायचं, साडेचार वर्षांच्या पोराला स्वतःचे मागचे दात घासता येत नाहीत, बुटाची नाडी बांधता येत नाही तोवर ब्रशही येत नाही असं समजा. दोन वेळा, आणि त्यातली एक रात्री झोपायच्या आधी, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दात उघडा पडतो. ब्रशनंतर दूध नाही, पाणी चालेल. आणि आपल्या मराठी घरात न पचणारी गोष्ट, थुंकायचं पण खळखळून चूळ भरायची नाही. चूळ भरली की जे दाताला लागून राहायला हवं तेच बेसिनमध्ये गेलं. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही, "फेस तोंडात ठेवून झोपायचं? शी" म्हणते.

पाण्याचं म्हणाल तर पुण्यात धरणाचं पाणी येत असेल तर त्यात फ्लोराईड सहसा कमीच असतं, पण सोसायटीला टँकर किंवा बोअर असेल तर एकदा तपासून घ्या. गावचं पाणी भूजल सर्वेक्षण विभागाच्या जिल्ह्याच्या लॅबमध्ये तपासून मिळतं. आणि सासूबाईंना हे नक्की सांगा की उकळून फ्लोराईड जात नाही, पाणी आटतं आणि उलट वाढतं, बऱ्याच घरात लोक पोरांसाठी म्हणून मुद्दाम उकळतात. आरओनं बरंचसं जातं, आणि तुरटी-चुन्यानं काढायची नालगोंडा पद्धत तर आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच बसवलेली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आठ-पंधरा दिवस लेक गावी राहिली तर काही होत नाही, डाग पडायला रोजचं आणि बरंच लागतं, तरी तिथे असताना तिला दुसरं पाणी देता आलं तर द्या. फ्लोराईडच्या गोळ्या किंवा थेंब मात्र कुणी सांगितले तरी नको, ते पोटातलं झालं.

व्हार्निश शक्यतो संध्याकाळी लावून घ्या. त्या रात्री मऊ आणि कोमट काहीतरी द्या, वरणभात किंवा खिचडी, चकली-शेंगदाणे नको, गरम दूध नको, आणि रात्री ब्रश करायचा नाही. एक गोष्ट मात्र सासूबाईंना आधीच फोन करून सांगून ठेवा, काही व्हार्निश पिवळसर असतात, त्यामुळे त्या रात्री पोरीचे दात थोडे पिवळे दिसतील. सकाळी ब्रश केला की जातं. व्हिडिओ कॉल करायचा असेल तर दुसऱ्या दिवशी करा.